वाचकांचे प्रश्न : केट शेपर्ड आणि २७० मीटर लांबीचा अर्ज

प्रश्न : न्यूझीलंडच्या केट शेपर्ड यांनी मताधिकारासाठी तीस हजारांवर बायकांच्या सह्या जमवल्या, असे वाचले. टेलिफोन दुर्मीळ असलेल्या काळात हे जमले कसे? (सांगली)

उत्तर : एका दमात नाही जमले. क्राइस्टचर्चला राहणाऱ्या शेपर्डबाई १८८५ मध्ये दारूबंदीसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती महिला संघटनेत आल्या. १८८७ पासून संघटनेचे मताधिकाराचे काम त्यांच्याकडे आले. १८९१ च्या अर्जावर नऊ हजारांवर सह्या झाल्या, १८९२ ला सुमारे वीस हजार आणि १८९३ ला ३१,८७२. पहिल्या दोन अर्जांनंतर कायदा झाला नाही, तरी कार्यकर्त्यांची फळी वाढत राहिली. शेवटच्या वर्षीचे यश या आधीच्या दोन वर्षांनी दिलेले आहे, हे विसरू नये.

पद्धत साधीच होती. वर मागणीचा मजकूर, खाली सही आणि पत्त्याची जागा, असे कागद गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांकडे टपालाने जात. त्या दारोदार फिरून सह्या घेत आणि भरलेले कागद क्राइस्टचर्चला परत पाठवत. मुख्य अर्जाचे ५४६ कागद शेपर्डबाईंनी एकाखाली एक चिकटवले आणि ती २७० मीटरहून लांब पट्टी झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळली. खासदार सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहातल्या मधल्या वाटेवर सोडून दिली. कागद उलगडत गेला आणि शेवटी दांडा पलीकडच्या भिंतीवर आदळला. तेच कागद गठ्ठा बांधून टेबलावर ठेवले असते, तर कारकुनाने उचलून कपाटात ठेवले असते. २७० मीटर कागद डोळ्यांआड करता येत नाही.

आकड्यांत एक गोंधळ नेहमी होतो. ३१,८७२ ही त्या वर्षीच्या तेरा अर्जांची मिळून बेरीज आहे. मोठ्या गुंडाळीवर पंचवीस हजारांवर सह्या आहेत.

प्रश्न : विरोधकांनीही सह्या जमवल्या होत्या ना? त्या का चालल्या नाहीत? (नाशिक)

उत्तर : डनेडिनचे खासदार हेन्री फिश यांनी पैसे देऊन माणसे नेमली आणि दारूच्या गुत्त्यांतून विरोधी अर्ज फिरवले. काही सह्या खोट्या निघाल्या, काही फसवून घेतलेल्या. ते उघडकीला आल्यावर सगळाच अर्ज संशयित ठरला. खऱ्या सह्यांचेही मोल गेले.

शेपर्डबाईंच्या बाजूलाही एक अडचण होती. मत हवे, पण दारूबंदी नको, असे म्हणणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. त्यांच्यासाठी १८९२ पासून मताधिकाराच्या वेगळ्या संघटना निघाल्या. हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो. नाहीतर चळवळ एका पंथापुरती राहिली असती.

प्रश्न : पंतप्रधान विरोधात असताना कायदा मंजूर कसा झाला? (बेळगाव)

उत्तर : रिचर्ड सेडन यांच्या आततायीपणामुळे. वरिष्ठ सभागृहात विधेयक पडावे म्हणून त्यांनी आपल्या पक्षाच्या एका सदस्यावर मत फिरवण्यासाठी दबाव आणला. ही ढवळाढवळ न आवडून दोन विरोधी सदस्यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले आणि ८ सप्टेंबर १८९३ रोजी ते २० विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाले. १९ सप्टेंबरला गव्हर्नरांची सही झाली.

खरी धावपळ त्यानंतरची. मतदान २८ नोव्हेंबरला, म्हणजे हातात जेमतेम दहा आठवडे, आणि यादीत नाव नसेल तर कायदा असून उपयोग नाही. तरी १,०९,४६१ बायकांनी नावे नोंदवली आणि ९०,२९० जणींनी मत दिले. निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क मात्र १९१९ मध्ये मिळाला आणि पहिली महिला खासदार, एलिझाबेथ मॅकॉम्ब्स, १९३३ मध्ये निवडून आल्या. शेपर्डबाईंनी तो दिवस पाहिला. १९३४ मध्ये त्या वारल्या.

प्रश्न : आपल्याकडे असे काही झाले का? (पुणे)

उत्तर : झाले, पण परिस्थिती निराळी होती. ब्रिटिश सरकारच्या १९१९ च्या राज्यकारभाराच्या सुधारणांनी बायकांच्या मताचा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोडला. त्याच वर्षी हेराबाई टाटा आणि त्यांच्या कन्या मिठन यांनी लंडनला जाऊन ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. मुंबई प्रांतात रमाबाई रानडे यांनी चळवळीचे नेतृत्व केले. मद्रासपाठोपाठ १९२१ मध्येच मुंबईने बायकांना मत देण्याचा ठराव केला. पण मालमत्तेची अट कायम असल्याने बहुसंख्य बायका बाहेरच राहिल्या.

प्रश्न : मूळ अर्ज आज पाहता येतो का? (मेलबर्न)

उत्तर : येतो. वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या ‘हे तोहू’ या दालनात तो मांडला आहे. सह्या करणाऱ्या बायकांची नावे इंटरनेटवरही शोधता येतात. शेपर्डबाईंचे चित्र न्यूझीलंडच्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे.