‘आमच्या मागे ह्येका कोण?’

समलिंगी मुलाचे किंवा मुलीचे आईबाप माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा येतात तेव्हा विचारतात, ‘‘हे बरं होईल ना?’’ त्याचं उत्तर द्यायला वेळ लागत नाही. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ती ‘बरी’ करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरवर आपल्याकडे २०२२ पासून गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते. पण खरी काळजी दोन-तीन भेटींनंतर बाहेर पडते, बहुतेकदा उठता उठता, पर्स खांद्याला लावताना. ‘‘मॅडम, आमच्या मागे ह्येका कोण?’’ म्हणजे आम्ही गेल्यावर याला कोण?

हे विचारणाऱ्या एका जोडप्याची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मालवणकडचं खाडीकाठचं गाव. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, घरामागे हापूसची थोडी कलमं. एकुलता एक झिल, म्हणजे मुलगा, चौतिशीचा, पुण्यात नोकरीला. बरोबर राहणारा साताऱ्याकडचा मुलगा दर गणपतीला याच्यासोबत गावी यायचा, गणपतीच्या वरची माटवी बांधायला सगळ्यात आधी स्टुलावर तोच चढायचा. ‘रूम पार्टनर’ म्हणून वर्षानुवर्षं खपून गेलं. मग स्थळं यायला लागली आणि झिलाने घरी सांगून टाकलं.

वडिलांचं म्हणणं होतं, लग्न लावून दिलं की होईल सगळं ठीक. मी एवढंच विचारलं की तुमच्या पुतणीला असं स्थळ आलं असतं आणि हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक असतं, तर दिली असती का? तो विषय तिथेच संपला. अशी लग्नं लावून दिलेल्या मुलीही माझ्याकडे येतात. त्यांचं काय होतं यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आई मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकली होती. मागच्या पावसाळ्यात झिलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरल्या. रात्री साताऱ्याच्या मुलानेच त्याला दवाखान्यात नेलं. फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. त्याने ‘मित्र’ लिहिलं. काउंटरवरून लगेच विचारणा झाली, घरचं कोणी आहे का? घरचे होते मालवणात, आणि तिथून पुणं म्हणजे अख्ख्या रात्रीचा प्रवास. शेवटी वडिलांशी फोनवर बोलणं करून दिल्यावर कागद पुढे सरकले. आई सकाळी पोचली तर साताऱ्याचा मुलगा खुर्चीत बसल्या जागी झोपलेला.

‘‘दर दोन तासाचो ताप बिलाच्या पाठीर लिवन ठेवलेलो,’’ ती मला म्हणाली. तो कागद तिने जपून ठेवला होता. मलाही दाखवला, निळ्या पेनाने लिहिलेले आकडे आणि पहाटे चारच्या आकड्यापुढे ‘घाम आला’.

मी म्हटलं, ‘‘काकी, मग तुमच्या मागे त्याला कोण, हे तुम्हाला कळलंय की.’’

‘‘माका कळला. दवाखान्याक खय कळला?’’

यावर समुपदेशकाने काय बोलावं? भीती असली तर तिच्याशी बोलता येतं. इथे बाईचा हिशेब चोख होता.

म्हणून पुढच्या भेटीत आम्ही कागदांचंच बोललो. मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. मानसिक आजाराच्या उपचारांपुरतं २०१७ च्या कायद्याने कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतं. हे सगळं मुलांनी करून टाकलं.

अडलं ते हापूसच्या कलमांपाशी. बाग सातबाऱ्यावर शेतजमीन, आणि साताऱ्याच्या मुलाच्या घरी शेती नाही. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन मृत्युपत्रानेही देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं, आणि आपला कूळकायदा, म्हणजे कुळांचा आणि शेतजमिनीचा कायदा, तोही त्याच १९४८ च्या मुंबई कायद्यातला. लग्नाची बायको असती तर वारस म्हणून तिचं नाव लागलं असतं. वडील हे ऐकून जेवढे अस्वस्थ झाले तेवढे मुलाने सांगितलं तेव्हाही झाले नसतील. कोकणी माणूस, कलमांवरून त्याला कायदा कळतो.

‘‘मग कायदो करूचो कोणी?’’ त्यांनी विचारलं.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि हे काम कायदेमंडळाचं आहे म्हटलं. लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे सरकलं नाही. दिल्लीकडे बोट दाखवून आमदार मोकळे होतात, पण विवाह आणि वारसा हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे विधानसभेलाही कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असला तर राष्ट्रपतींची संमती लागते, एवढंच. तामिळनाडूने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून भटजीविना लागलेल्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राला ते करायला २००५ उजाडलं. तेव्हा जमलं ते आता का जमू नये, हा माझा आमदारांना प्रश्न आहे. समुपदेशकाने राजकारणात पडू नये असं मला सांगणारे आहेत. त्यांनी एकदा माझ्या खोलीत बसून त्या काकींना उत्तर द्यावं.

वडिलांनी आमदारांना पत्र लिहिलं. मी मसुदा करून देते म्हटलं तर नको म्हणाले, एसटीत असताना पुष्कळ अर्ज लिहिलेत. एक पान, त्यात दवाखाना, बाग आणि १९९४ चा कायदा. दोघं नवराबायको ते घेऊन कार्यालयात गेली. तिथल्या पोराने वाचून विचारलं, ‘‘काका, आपल्या मतदारसंघात अशी माणसं आहेत तरी किती?’’

‘‘ता माका ठाऊक नाय,’’ वडील म्हणाले. ‘‘आमच्या घरात मता चार आसत. म्हातारी धरून. झिलाचा नाव अजून हयच्याच यादीत आसा.’’

पोच घेऊनच ते बाहेर पडले. उत्तर अजून आलेलं नाही. अधिवेशनाच्या आधी पुन्हा जाणार आहेत.