सहा पॅडच्या बोर्डासाठी स्प्रिंग पिनांचा अडॅप्टर घरी बनतो का?

हो भाऊ, बनतो. तुमच्या एटीटायनी८५ (छोटी मायक्रोकंट्रोलर चिप) च्या पन्नास बोर्डांवर हेडर (वायर खोचायच्या उभ्या पिना) नाही, नुसते सहा पॅड (तांब्याचे उघडे ठिपके) आहेत, आणि हाताने वायरी धरून प्रोग्राम टाकताना मधेच संपर्क तुटतो. यावलकडच्या केळीवाल्यांसाठी मी पंपाच्या ऑटोस्विचचे बोर्ड करतो. माझाही हाच त्रास होता.

पी७५ जातीच्या टोकदार स्प्रिंग पिना घ्या (नळीत स्प्रिंग असते, दाबलं की टोक आत जातं). जाडी १.०२ मिमी, म्हणजे पॅडांमधल्या २.५४ मिमीच्या अंतरात सहज मावतात. खरी मेख पिना सरळ उभ्या ठेवण्यात आहे. एकाच झीरो पीसीबीत (ओळीने भोकं असलेला तयार कोरा बोर्ड) बसवल्या की जराशा कलतात आणि टोक पॅडवरून घसरतं. म्हणून झीरो पीसीबीच्या सारख्या दोन पट्ट्या कापा, मधे ५-६ मिमीचे स्पेसर द्या आणि पिना दोन्हींतून ओवा. भोक घट्ट वाटलं तर १.१ मिमीचं ड्रिल फिरवा. मग तुमच्याच एका कोऱ्या बोर्डावर टेकवून सहाही टोकं पॅडच्या मधोमध येतात का ते बघा, आणि त्यानंतरच सोल्डर करा.

सोल्डर फक्त मागच्या पट्टीवर, अडॅप्टर आडवा धरून, झटपट. फ्लक्स (सोल्डरमधला चिकट पदार्थ) पिनेच्या नळीत उतरला की स्प्रिंग अडकलीच समजा. माझ्या पहिल्या सहांतल्या दोन पिना अशाच वाया गेल्या. ग्राउंडची पिन बाकीच्यांपेक्षा अर्धा मिमी पुढे ठेवा, म्हणजे ती आधी टेकते.

पॅडांचा नेहमीचा क्रम: १ मिसो (चिपकडून येणारा डेटा), २ व्हीसीसी (वीजपुरवठा), ३ एससीके (डेटाला ताल देणारा क्लॉक), ४ मोसी (चिपकडे जाणारा डेटा), ५ रीसेट, ६ ग्राउंड. टोकांकडून पाहिलं की हे आरशासारखं उलटं दिसतं, म्हणून वायरी मागच्या बाजूने बघत जोडा आणि मीटरने प्रत्येक पिन तपासा.

इतकं करूनही सिग्नेचर (प्रोग्रामर वाचतो तो चिपचा ओळख क्रमांक) चुकीची आली तर एससीके मंद करा. नवी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते, तेव्हा एससीके २५० किलोहर्ट्झच्या खालीच हवा.

आणि एक कळकळीनं सांगतो. बोर्ड ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट २३० व्होल्टवर चालणारा असेल, तर लाइन जोडलेली असताना अडॅप्टर अजिबात टेकवू नका. त्याचं ग्राउंड मेनशी जोडलेलं असतं; लॅपटॉप तर जाईलच, हातालाही झटका बसेल. प्रोग्रामरचे ५ व्होल्ट चिपला पुरतात.