आठवड्याला दीडशे किलोमीटर सायकल चालवूनही वजन का उतरत नाही?

आपण लिहिले आहे की वय ४१, वजन ८४ किलो, आठवड्याला साधारण १५० किलोमीटर सायकल, शनिवारी रात्री स्ट्राँग बियरच्या दोन मोठ्या बाटल्या, रविवारी आणखी एक, आणि चार महिन्यांत काटा जागचा हललेला नाही. तेव्हा दोष दारूचा की जेवणाचा, आणि बियरऐवजी व्हिस्की घेतली तर चालेल का? मी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ नाही. नागपुरात नऊ वर्षे सायकल चालवतो आणि त्यातली पहिली पाच वर्षे आपल्याच जागी अडकून होतो, एवढाच माझा अधिकार.

आधी हिशेब मांडू. ताशी २०-२२ किलोमीटर वेगाने १५० किलोमीटर म्हणजे सुमारे सात तास, आणि आपल्या वजनाच्या माणसाला तासाला ढोबळमानाने ५०० कॅलरी धरल्या तर आठवड्याला साडेतीन हजार होतात. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे खाणे आहे तेवढेच राहिले तर आठवड्याला जवळपास अर्धा किलो उतरायला हवे. आता बियर. एक ग्रॅम मद्यार्कात ७ कॅलरी असतात (साखरेत ४, तेलात ९), आणि ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. त्यात तिच्यातली कर्बोदके मिळवली की बाटलीमागे साडेतीनशे ते चारशे कॅलरी होतात. तीन बाटल्यांचे फार तर बाराशे. म्हणजे निव्वळ बियर वजा केली तरी तेवीसशे कॅलरी शिल्लक उरायला हव्यात, आणि त्या उरत नाहीत, कारण त्या चखण्यात जातात.

हे मला कळले ते घरच्या एका प्रसंगातून. एका शनिवारी मी फुशारकीने म्हटले की आज चखण्याला फक्त मूठभर शेंगदाणे घेतले, त्यावर सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, ही वाटी मी तीनदा भरली आहे." दुसऱ्या दिवशी तीच वाटी तळलेल्या शेंगदाण्यांनी भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर दाणे ७० ग्रॅम भरले. तीन वाट्या म्हणजे २१० ग्रॅम, म्हणजे बाराशेहून अधिक कॅलरी, आणि त्यानंतर मी व्यवस्थित जेवलोही होतो. आपल्या तिन्ही बाटल्यांएवढा ऐवज माझ्या त्या तीन वाट्यांत होता. दारूने भूक चाळवते आणि हाताचा अंदाज सुटतो, म्हणून दारू आणि खाणे यांचे दोष वेगळे काढून दाखवणे मला तरी जमलेले नाही.

शरीराच्या आतही एक गोष्ट घडते. मद्यार्क साठवून ठेवण्याची सोय शरीरात नसल्याने यकृत आधी तो संपवण्याच्या मागे लागते आणि तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. त्याच वेळी पोटात गेलेले तेलकट पदार्थ आपसूक साठ्यात जमा होतात. दोन स्ट्राँग बियरचा मद्यार्क निघायला आठ-दहा तास सहज लागतात, म्हणजे रात्री अकराला ग्लास खाली ठेवून पहाटे पाचला आपण फुटाळा तलावाच्या दिशेने निघतो तेव्हा तो अंगातच असतो. झोपही उथळ झालेली असते. अशा सकाळी उपाशीपोटी लांब पल्ल्याला जाऊ नये, कारण यकृत गुंतलेले असल्याने रक्तातली साखर अचानक खाली येऊ शकते. मधुमेहाची औषधे चालू असतील तर हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. आणि नशा उरली असल्याची शंका असेल तर सायकल बाहेर काढूच नये.

रविवारचा दुसरा सापळा म्हणजे तर्री पोहे, म्हणजे तिखट, तेलकट रस्सा ओतलेले पोहे. चाळीस किलोमीटर झाले की 'आज तर हक्काचे आहे' असे वाटते, मग वरून तर्री, पुन्हा तर्री, सोबत एक समोसा. तर्रीवर तरंगणाऱ्या तेलाच्या प्रत्येक मोठ्या चमच्यामागे १२० कॅलरी असतात. मी पोहे सोडलेले नाहीत, सोडणारही नाही. फक्त दुसऱ्यांदा तर्री मागत नाही. रामटेकला जाऊन येण्याच्या दिवशी मात्र उलटी चूक होते: शंभर किलोमीटर चहा-बिस्किटांवर काढायचे आणि दुपारी झणझणीत सावजी जेवणावर तुटून पडायचे. वाटेत दर तासाला केळे किंवा खजूर खाल्ला आणि घरी येताच अंडी, दही किंवा घट्ट वरण-भात घेतला की संध्याकाळची हाव निम्म्यावर येते.

वजन सोमवारी करू नका. खारट चखण्याने पाणी धरून ठेवलेले असते. उलट मे महिन्यात तीन तास सायकल चालवून आल्यावर दीड किलो कमी दिसते, तो सारा घाम असतो आणि त्याची भरपाई बियरने होत नाही. बुधवारी सकाळी उपाशीपोटी केलेले वजनच धरावे.

मी स्वतः आठवड्याची एकच संध्याकाळ ठेवली, तीही दुसऱ्या सकाळी सायकल नसेल अशी. आधी भाकरी-भाजी जेवायचे, मग ग्लास, आणि चखण्याला काकडी, मुळा, भाजलेले चणे. सात महिन्यांत ८६ वरून ७९ वर आलो.

व्हिस्कीचे म्हणाल तर ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलिलिटरमध्ये सुमारे १४० कॅलरी असतात, म्हणजे एका स्ट्राँग बाटलीच्या निम्म्याहून कमी, परंतु ग्लासात ३०० मिलिलिटर कोला ओतला की आणखी १३० वाढतात. शिवाय घरी मित्राने प्रेमाने भरलेला पेग ६० चा कधीच नसतो, हे मी मापाचे भांडे आणून पाहिले आहे. आमच्याकडे तो ९० चा निघाला.