उद्यम, उदीम आणि विद्यापीठ

प्रश्न असा : आर्थिक वाढीतील आंत्रप्रेन्युरियल युनिव्हर्सिटींच्या (म्हणजे आपल्या ज्ञानातून नवे धंदे उभे राहावेत म्हणून स्वतः पुढाकार घेणाऱ्या विद्यापीठांच्या) भूमिकेवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे, तर ‘उद्योजक विद्यापीठ’ लिहावं, ‘उद्योजकीय’ की ‘उद्योगाभिमुख’?

तिन्ही नको. ‘उद्योजक विद्यापीठ’ हल्ली परिपत्रकांत आणि चर्चासत्रांच्या फलकांवर इतक्यांदा भेटतं की वीट आला आहे. उद्योजक हा माणूस असतो. ‘शिक्षक संघटना’ म्हणजे शिक्षकांची संघटना. तसं ‘उद्योजक विद्यापीठ’ म्हटलं की उद्योजकांचं विद्यापीठ, एवढंच कळतं. ‘उद्योगाभिमुख’ म्हणजे कारखान्यांना हवी तशी माणसं घडवणारं. इथे विद्यापीठानेच हातपाय हलवायचे आहेत. ‘उद्योजकीय’ ही तर दिसेल त्या शब्दाला ‘ईय’ जोडण्याची कार्यालयीन खोड. शब्द आहे ‘उद्यमशील’.

यावर ‘उद्यम हिंदी आहे’ असं ठासून सांगणारे भेटतात, त्यात भाषेचे अध्यापकही असतात. हे साफ चूक आहे. ‘व्यापारउदीम’ हा शब्द त्यांनी कधी उलगडून पाहिलेला नाही. उदीम म्हणजे उद्यमच! बोलताना जोडाक्षर सुटलं, ‘य’चा ‘इ’ झाला आणि शब्द पक्का मराठी झाला. उदीम करणारा तो उदमी. जो शब्द आपल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या वावरला, त्याला परका ठरवायचं आणि ‘उद्योजकीय’ला घरचा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणि मूळ किती सुंदर आहे पाहा. उद् + यम् म्हणजे वर उचलणं, उचलून धरणं, सज्ज होणं. गीतेतला अर्जुन राज्यसुखाच्या लोभाने स्वजनांना मारायला आपण ‘उद्यत’ झालो म्हणतो, तो याच धातूचा. संस्कृतात उद्यम हा मुख्यतः प्रयत्न. मराठीने त्याला पेठेत नेऊन व्यापाराचा अर्थ दिला. उद्योगाचंही तेच झालं : महाभारतातल्या उद्योगपर्वात कारखाने नाहीत, युद्धाची तयारी आहे. माझं मत असं की उचलण्याची ही कल्पना मराठीच्या मनात खोल रुजली आहे. अवघड काम पत्करताना आपण विडा उचलतो. काम सुरू होण्याआधी हाती पडणारी रक्कम ती ‘उचल’. हा निव्वळ योगायोग आहे असं कुणी म्हटलं, तर मी ते मानणार नाही.

उद्योजक माणूस आणि उद्यमशील संस्था हा भेद परदेशातही पाळलेला दिसतो. उच्च शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक बर्टन क्लार्क यांनी १९९८ साली पाच युरोपीय विद्यापीठांवर पुस्तक लिहून ‘आंत्रप्रेन्युरियल युनिव्हर्सिटी’ ही संज्ञा रूढ केली. त्या पाचांत नेदरलंड्समधलं ट्वेंटे विद्यापीठ आहे. ते एन्स्केडे या कापड गिरण्यांच्या शहरात १९६१ साली स्थापन झालं, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ते स्वतःला ‘ओंडरनेमेंड’ विद्यापीठ म्हणवतं. डच भाषेत उद्योजक माणूस ‘ओंडरनेमर’. ‘ओंडरनेमेंड’ हे विशेषण, म्हणजे नेमकं उद्यमशील. विद्यापीठाने १९८४ पासून धंदा काढू पाहणाऱ्या पदवीधरांना बिनव्याजी कर्ज, बसायला जागा आणि प्राध्यापकांचं मार्गदर्शन द्यायला सुरुवात केली. बुकिंग डॉट कॉमचा पाया घालणारा तरुण याच विद्यापीठाचा विद्यार्थी. त्या बिनव्याजी कर्जाला मराठीत ‘उचल’ याहून चपखल शब्द मला सुचत नाही.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचं यूडीसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग, १९३३ साली निघालं, तेही कापडधंद्याच्या रसायनांशी जोडलेलं. तिथले प्राध्यापक कारखान्यांचे सल्लागार झाले, विद्यार्थ्यांनी स्वतःचे कारखाने काढले. त्या काळी ही संज्ञा कुणाच्या कानावरही नव्हती, पण यूडीसीटी उद्यमशील होतं.

राहता राहिली तुमची ‘भूमिका’. ती नाटकात वठवतात, नाहीतर वादात घेतात. वाढीत असतो तो वाटा. लेखाचं शीर्षक द्या : ‘आर्थिक वाढीत उद्यमशील विद्यापीठांचा वाटा’.