चाळिशीत आयटीतली नोकरी सोडून सिरॅमिक कलाकार होता येईल का? सुरुवात कशी करावी?

येईल, पण राजीनामा आणि भट्टीची खरेदी, दोन्ही लांबवा. आधी वर्षभर जवळच्या स्टुडिओत आठवड्यातून दोनदा चाकावर बसा आणि भांडी तिथेच भाजून घ्या. सलग वेळ काढता येत असेल तर पुदुच्चेरीकडे बघा. 1971 मध्ये तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी हा स्टुडिओ सुरू झाला, तेव्हापासून त्या परिसरात स्टोनवेअरचं (जास्त तापमानाला भाजलेल्या, दगडासारख्या कठीण भांड्यांचं) काम रुजलं आहे.

सुरुवातीला फक्त दंडगोल करा आणि तारेने उभे कापून भिंतीची जाडी तपासा. (कापायला जीव होत नाही, तरी कापा.) तळ नीट दाबला नसेल किंवा कडेपेक्षा फार उशिरा वाळला, तर त्याला चीर जाते. स्टोनवेअर एकूण 10 ते 12 टक्के आकसतं; 9 सेंमीचा कप हवा तर ओला साधारण 10 सेंमीचा करा.

कच्ची, म्हणजे पहिली भाजणी 950 ते 1000 अंश सेल्सियसला, ग्लेझची (काचेसारखा लेप लावल्यानंतरची) साधारण 1220 ते 1280 ला. भांडं आतून ओलं असेल तर पाण्याची वाफ होऊन ते फुटतं आणि शेजारची भांडीही घेऊन जातं. म्हणून जाड कामासाठी भट्टी 90 अंशांच्या आसपास काही तास धरा.

घरी काम करताना सुकी माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा; तिच्यातली सिलिका फुप्फुसात साठते.

किंमत लावताना फुटलेल्या भांड्यांचा खर्चही धरा. नवखे नेमकं हेच विसरतात.