डीएनएस बदलला, तरी उत्तर राउटरच का देतोय?

विंडोजमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून हाताने क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ टाकलाय, तरी एनएसलुकअप (डीएनएस तपासायची कमांड) भलताच सर्व्हर दाखवतं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या आउटपुटच्या पहिल्या दोन ओळींतच त्याचं कारण आहे: 'सर्व्हर: अननोन' आणि 'ॲड्रेस: एफई८०::१'.

एफई८० ने सुरू होणारा पत्ता हा आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा) लिंक-लोकल, म्हणजे फक्त स्थानिक नेटवर्कपुरता चालणारा पत्ता, म्हणजे इथे बहुतेक तुमचा राउटरच. तुम्ही डीएनएस बदललात तो फक्त आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा. आयपीव्ही६ वर राउटर अजूनही स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून वाटतोय आणि विंडोज तो घेतंय. 'अननोन' बघून घाबरू नका, त्या पत्त्यावरून नाव सापडलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग /ऑल चालवा. चालू ॲडॅप्टरखाली 'डीएनएस सर्व्हर्स'समोर दोन्ही पत्ते दिसतील. मग आयपीव्ही६ च्या सेटिंगमध्ये २६०६:४७००:४७००::११११ (१.१.१.१ चाच आयपीव्ही६ पत्ता) टाका. आयपीव्ही६ सरळ बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो, तो कृपया ऐकू नका. दुखणं तिथे नाहीच.

आता महत्त्वाचं. एनएसलुकअप दाखवतं तो फक्त पहिला टप्पा. राउटर तोच प्रश्न पुढे कुणाला विचारतो, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी 'एनएसलुकअप व्हूॲमआय.अकामाय.नेट' (nslookup whoami.akamai.net) करा. उत्तरात येणारा आयपी हा अकामाय कंपनीच्या सर्व्हरपर्यंत प्रत्यक्ष पोचलेल्या रिझॉल्व्हरचा, म्हणजे तुमच्या वतीने उत्तर शोधणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा असतो. तो १.१.१.१ दिसणार नाही, कारण बाहेर जाणारे प्रश्न वेगळ्या पत्त्यावरून जातात. तो पत्ता कुणाच्या मालकीचा आहे ते हूइज (आयपी पत्त्यांच्या मालकांची नोंद) मध्ये बघा. क्लाउडफ्लेअरचा निघाला तर झालं. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हीकडे क्लाउडफ्लेअरचे पत्ते टाकूनही तिथे इंटरनेट कंपनीचं नाव आलं, तर वाटेत कुणीतरी पोर्ट ५३ वरचे, म्हणजे साध्या डीएनएसचे प्रश्न परस्पर वळवतंय. मग डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (डीएनएसचे प्रश्न कूटबद्ध करून पाठवायची पद्धत) सुरू करा.

एनएसलुकअप बरोबर आणि ब्राउझर मात्र जुन्याच साइटवर, हेही होतं. एनएसलुकअप होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरवरचीच नाव-पत्त्यांची यादी) आणि विंडोजची कॅशे (आधीच्या उत्तरांची साठवण) बघतच नाही. उलट ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' (ब्राउझरचं स्वतःचं कूटबद्ध डीएनएस) चालू असेल तर तो सिस्टिमच्या डीएनएसला वळसा घालून जाऊ शकतो. आधी आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस करा, मग ते सेटिंग तपासा.

दुसऱ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे म्हणालात. तिथे १२७.०.०.५३ दिसला तर तो सिस्टिमडी-रिझॉल्व्हडचा (उबुंटूतच चालणाऱ्या डीएनएस सेवेचा) स्थानिक पत्ता. खरा सर्व्हर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' (resolvectl status) या कमांडमध्ये सापडेल.