छोट्या कारखान्यात एआय आणावं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याजवळ तुमचं चौदा माणसांचं पाइपचं युनिट आहे, एक विक्रेता अडीच लाखांचं एआय पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय आणि घ्यावं की नाही ते तुम्हाला ठरवता येत नाहीये. माझं म्हणणं असं, की पॅकेज आत्ता घेऊ नका, पण एआय वापरायला याच आठवड्यात लागा. हे सांगायचा हक्क एवढाच की जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे आणि हे सगळं आम्ही करून बसलोय.

डाळवाल्यांना मशीनची नजर नवीन नाही. सॉर्टेक्समध्ये, म्हणजे दाणे निवडायच्या मशीनमध्ये, डाळ कॅमेऱ्यासमोरून धारेने पडते, काळा किंवा साल राहिलेला दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. पण चांगलं काय, खराब काय, हे त्याला आपण ठरवून द्यावं लागतं. सेटिंग जरा कडक झालं की चांगली डाळही रिजेक्टमध्ये जाते आणि चुनीच्या, म्हणजे जनावरांना घालायच्या चुऱ्याच्या, भावात विकावी लागते. शंभर किलो तुरीतून हाती सत्तर-बहात्तर किलो डाळ, त्यात हा तोटा परवडत नाही. म्हणून रिजेक्टच्या पोत्यात दर तासाला हात घालून मूठभर डाळ तळव्यावर पसरून बघणारा माणूस आम्ही कधीच हलवला नाही. एआयचंही मी याच हिशोबाने ठरवतो. जिथली चूक आपल्या माणसाला बघताक्षणी कळते, ते काम मशीनला द्यायचं. जिथली चूक नोटीस आल्यावर कळणार, ते द्यायचं नाही.

आमच्याकडे असं काम होतं ऑर्डरींचं. पारोळा, अमळनेर, शिरपूर, शहाद्याचे व्यापारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर बोलून ऑर्डर टाकतात. आमचे मुनीम आबा ते एकेक ऐकून वहीत उतरवायचे, रात्रीचे नऊ व्हायचे. आता ते बोलणं मजकुरात उतरवून घेतो आणि एआय त्याची यादी करून देतं: पार्टी, गाव, डाळीची प्रत फटका की सव्वा नंबर, किती कट्टे, कधी पाठवायचे. आबा साडेसातला घरी जातात. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी कमाई हीच.

एकदा मात्र दणका बसला. एका व्यापाऱ्याने अहिराणीत सांगितलं होतं, "दहा कट्टा आज नका धाडू, सोमवारले धाडा." यादीत आलं: दहा कट्टे, आज. गाडी भरली, गेली, त्याच्या गोदामात जागा नव्हती, माल परत आला आणि दोन्हीकडचं भाडं आमच्या अंगावर. एआयची मराठी आता बरीच चांगली आहे, पण आपली अहिराणी त्याला पुरती कळत नाही आणि अडलं तरी ते अडलं असं सांगत नाही, ठोकून देतं. तेव्हापासून आबांनी पार्टीला फोन केल्याशिवाय गाडी भरत नाही.

दुसरं काम वसुलीच्या पत्रांचं. जुन्या गिऱ्हाइकाकडे तगादा लावताना आपली जीभ जड होते. मराठीत नरम, थोडं कडक आणि बऱ्हाणपूर-इंदूरच्या पार्ट्यांसाठी हिंदीत, असे मसुदे दोन मिनिटांत मिळतात. वाचून एखादा शब्द बदलायचा आणि पाठवायचं.

जीएसटीचं मात्र सीएलाच विचारा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद डाळीवर ५ टक्के कर लागू झाला, मोठ्या कट्ट्यावर नाही. मी विचारलं तेव्हा एआयने बेधडक सांगितलं की डाळीवर जीएसटीच नाही. आमच्या ३० किलोच्या कट्ट्याला ते लागू पडलं असतं, पण पाच किलोच्या पॅकिंगचं बिल चुकलं असतं. गिऱ्हाइकांचे आधार नंबर, बँकेचे तपशील फुकटच्या अॅपमध्ये टाकू नका. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, आणि नसता झाला तरी तो विश्वासाचा प्रश्न आहे.

तुमच्या युनिटमध्ये मी असतो तर आधी पाइपच्या रिजेक्शनचं रजिस्टर नीट भरायला लावलं असतं: कोणती शिफ्ट, कोणतं मशीन, मीटरमागे वजन किती, भंगारात किती गेलं. तीन महिन्यांचं असं रजिस्टर हातात असलं की एआयला विचारण्यासारखं काहीतरी असतं. ते नसताना अडीच लाख घालून कागदावरचा गोंधळ फक्त स्क्रीनवर येईल. विक्रेत्याला सांगा, आमच्याच मागच्या महिन्याच्या ऑर्डरींवर चालवून दाखवा, आणि उद्या तुमचं पॅकेज सोडलं तर आमची माहिती एक्सेलमध्ये परत मिळेल हे लिहून द्या. लिहून द्यायला तयार नसेल तर विषय तिथेच संपवा.

आणि तुमच्या माणसांशी आधी बोला. आबांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मग माझं काय?" सत्तावीस वर्षं आमच्याकडे काम केलेला माणूस, त्याला हा प्रश्न पडू दिला याचं मला अजून वाईट वाटतं. आता यादी छापली की ती आधी त्यांच्याकडे जाते. चुकलेल्या ओळीवर ते लाल पेनने खूण करतात, बाजूला खरं काय ते लिहितात. ते कागद मी फाइलला लावून ठेवतो, आणि महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं बसून बघतो की मशीन कोणत्या गावच्या, कोणत्या पार्टीच्या बोलण्यात अडखळलं.